बदकं पडंनात

सयाजी : ...म्हणून फोनवर काय सांगितलं हुतं मी? बदलीत दिलेला आमचा जुना टीव्ही घेऊन ये आनि ह्यो तुझा नवा शंभरवाला टीव्ही उचल. बसायची बात हुती का त्यात? चहाची हुती?

शिवानंद : जुना आणलाय की दाजी. बाहेर टेम्पोत आहे, दुकानातला ज्ञानू धरून बसलाय. पण उचलायच्या आधी काय बिघडलंय ते तरी बघू दे. दसऱ्याला मुहूर्तावर नेलेला टीव्ही दिवाळीच्या आत परत, हे बरं दिसतं का?

सयाजी : दाजी दाजी करून लाडात येऊ नगोस. मंडळीच्या माहेरगावचा हाईस, शिरोळकडचा, म्हणून सगळी राजारामपुरी सोडून तुझ्या दुकानात आलो. आनि तू मलाच टोपी घातलीस.

चिमणाबाई : अवो, आत्ता दारातनं आलाय त्यो. पानी तरी पिऊ द्या. घे रं शिवा. वाटीत गूळ हाय बघ.

शिवानंद : द्या आक्का. तुमची काय तक्रार आहे टीव्हीबद्दल?

सयाजी : तिला काय इचारतोस? तिचा आनि टीव्हीचा काय संबंध? इतकी वर्सं टीव्हीकडं पाठ करून वाती वळल्यात तिनं. सगळ्या गडमुडशिंगीला ठावं हाय, सयाजीची मंडळी देवाधर्माची, टीव्हीकडं ढुंकून बघत न्हाय.

शिवानंद : अजून पाठ करूनच बसतात?

सयाजी : आता दसऱ्यापास्नं बघतीया जरा. नवं हाय म्हणून बघत आसंल. त्ये ऱ्हाऊ दे, माझी तक्रार ऐक. बदकं पडंनात.

शिवानंद : काय पडंनात?

सयाजी : बदकं! गेममधली! आमच्या लेकाचं, कृष्णाताचं पोरगं उन्हाळ्यात मस्कतास्नं आल्तं. जाताना त्येची व्हिडिओ गेमची डबी हितंच ऱ्हायली. त्येला शेंदरी बंदूक हाय, वायरवाली. टीव्हीत झुडपातनं बदाक उडतंय. आपण नेम धरायचा, घोडा वढायचा, बदाक खाली. जुन्या टीव्हीवर माझं एक बदाक सुटत न्हवतं. गल्लीतली पोरं खिडकीला लटकून बघायची.

चिमणाबाई : नातू गेल्यावर म्हटलं डबी फडक्यात बांधून माळ्यावर टाकूया. तर आजोबाच मांडी घालून बसलं. भाकरी थंड, आमटी थंड, आनि हितं आपलं ठो ठो.

सयाजी : मग? सगळी नोकरी बँकेच्या दारात बारा बोरची बंदूक खांद्याव घिऊन हुबा ऱ्हायलो. बंदूक कायम भरलेली. पण एक बार उडवला न्हाय! उडवायची पाळी आली न्हाय ही देवाची किरपा, त्येला मी न्हाय कुठं म्हणतोय? पण हाताला वाटतं की वो पावणं. रिटायर हुताना बंदूक जमा केली, सही केली, आनि मनात आलं, आपल्याला नेम हाय का न्हाय त्येच कवा कळलं न्हाय. ती हौस ह्या बदकांनी फेडली.

चिमणाबाई : खंडेनवमीचं सांगा की त्येला.

सयाजी : त्यात सांगण्यासारखं काय हाय?

चिमणाबाई : मग मी सांगते. पाटावर कोयता मांडला, खुरपं मांडलं, पहार मांडली. आनि मधोमध ह्येनी ती पिलास्टिकची बंदूक ठेवली. झेंडू वाहिला, हळदकुकू लावलं. अजून बघ, घोड्यापाशी कुकू हाय.

शिवानंद : हत्यारच की ते, आक्का.

सयाजी : हत्यारच! तू हसतोस का खरंच म्हणतोस?

शिवानंद : थोडं हसतोय, थोडं खरं म्हणतोय. पुढं सांगा.

सयाजी : दुसऱ्या दिवशी दसरा. तुझा टीव्ही आला. सोनं वाटून झालं. कृष्णाताचा फोन आला, बाबा, भारीतला घेतलासा न्हवं? म्हटलं, भारीतला, शंभरवाला. शिवानंद म्हणालाय साध्या टीव्हीच्या दुप्पट, गेम काय आनि पिच्चर काय, सगळं दुप्पट भारी. म्हणालातास का न्हाय तू?

शिवानंद : म्हणालो होतो.

सयाजी : मग? पोरं जमली. बंदूक जोडली. नेम धरला. बार! बदाक आपलं उडतंय. बार! बदाक उडतंय. टीव्हीजवळ जाऊन, बंदुकीची नळी काचंला टेकवून बार काढला. तरी उडतंय! शेजारच्या उदयसिंहाची तेजस्वी, एवढीशी चिमुरडी, सगळ्यांच्या म्होरं म्हणाली, आबा, तुमचं हात कापत्यात.

शिवानंद : अरेरे.

सयाजी : म्हणून सांगतो, टीव्ही खराब हाय. माझं हात कापत न्हाईत. बघ. बघ की! ह्यो बघ हात. कापतोय?

शिवानंद : नाही कापत दाजी.

चिमणाबाई : ह्येंचं ऐकू नगोस. दिवसा टीव्हीला शिव्या देत्यात आनि मागं परसात जाऊन हात लांब धरून बघत बसत्यात. डोळ्याच्या डाक्टरकडं जाऊन आल्यात. मला सांगितलं मार्केट यार्डात काम हाय.

सयाजी : तुला कुणी सांगितलं?

चिमणाबाई : डोळ्यात औषिध घालून आलासा. गाईला म्हस म्हणालासा दारात. कुणी सांगाय कशाला पायजे?

सयाजी : डाक्टर म्हणाला डोळं चांगलं हाईत.

चिमणाबाई : तवापास्नं तर जास्तच. डोळं चांगलं, म्हंजे हातच गेला म्हणायचं. रातचं चार वेळा कूस बदलत्यात. शिवा, खरं सांगू? टीव्ही परत द्यायचा म्हणून तुला बोलवलं न्हाय ह्येनी. जुन्या टीव्हीवर एकदा बार काढून बघायचाय. टीव्ही बिघडलाय का आपण, त्येवढंच.

सयाजी : झालं तुझं? पावण्याम्होरं आब्रू काढून झाली?

शिवानंद : पावणा कसला, मेव्हणा आहे मी. दाजी, माझ्याकडं बघा. तुमचा हात गेलेला नाही.

सयाजी : समजूत घालू नगोस.

शिवानंद : समजूत नाही. तुम्ही फोनवर गेमची बंदूक चालंना म्हणून ओरडला होता, तेव्हाच मी सांगलीच्या आमच्या मेकॅनिकला विचारलं. तो खो खो हसला. म्हणाला, शंभरवाल्या टीव्हीवर ती बंदूक चालतच नाही. कुणाचीच. मिलिटरीतला माणूस आणून बसवला तरी त्याचं बदक पडणार नाही.

सयाजी : कुणाचंच?

शिवानंद : कुणाचंच. ती बंदूक काही मारत नाही दाजी, ती बघते. नळीत तिचा डोळा आहे. तुम्ही घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि जिथं बदक आहे तिथं पांढरा चौकोन उमटतो. आपल्याला कळत पण नाही इतकं झटकन. बंदुकीच्या डोळ्याला तो पांढरा दिसला की बदक पडलं.

सयाजी : आनि ह्यो टीव्ही काय करतोय? पांढरा दावत न्हाय?

शिवानंद : दाखवतो, पण उशिरा. जुना टीव्ही चित्र आलं की तसंच पडद्यावर टाकतो. हा नवा चित्र आधी पोटात घेतो, मग प्रत्येक चित्र दोन-दोनदा दाखवतो. त्या घेण्यादेण्यात जरा वेळ जातो. जरा म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत. तेवढ्यात बंदूक बघून मोकळी झालेली असते. तिला काही दिसत नाही. ती म्हणते, नेम चुकला.

सयाजी : म्हंजे मी नेम बरोबर धरत हुतो.

शिवानंद : बरोबर धरत होता.

सयाजी : आनि बदाक बरोबर तितंच हुतं.

शिवानंद : तिथंच होतं.

सयाजी : आयला. ...चिमणे, ऐकलंस?

चिमणाबाई : ऐकलं.

सयाजी : माझा हात गेला न्हाय!

चिमणाबाई : ऐकलं म्हटलं की. वरडू नगा, उदयसिंहाची म्हस बुजंल.

सयाजी : बुजू दे! बोलव त्या तेजस्वीला! न्हाय, ऱ्हाऊ दे, शाळंत गेली आसंल. शिवानंद, लेका, तू हे लगोलग फोन करून सांगाय पायजे हुतंस. माझ्या जिवाला किती घोर लागला हुता! आनि तू तर म्हणालातास गेमला दुप्पट भारी.

शिवानंद : ते कंपनीच्या कागदावरचं वाचून म्हणालो दाजी. बंदुकीचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं, तर खरं सांगतो. गेमला ह्या टीव्हीचा काही फायदा नाही. बंदूक नसली, हातातलं बटण असलं, तर चालतं, पण जास्त भारी काही नाही.

सयाजी : आनि क्रिकेट? चेंडू जोरात गेला की मागं शेपूट दिसतंय त्येला. बातम्याला खालची पट्टी अडखळत जाती. मला वाटलं डोळ्यामुळं.

शिवानंद : डोळ्यामुळं नाही. पळत्या गोष्टी ह्यात कधीकधी अशा फाटतात. आणि पिच्चरचं म्हणाल तर पिच्चर मुळातच सेकंदाला चोवीस चित्रांचा. टीव्ही शंभरदा दाखवू दे नाहीतर दोनशेदा, नवीन चित्र कुठून आणणार? हिरोच्या अंगात काही दुप्पट जोर येत नाही.

सयाजी : मग ह्या टीव्हीचा उपेग तरी काय?

शिवानंद : एकच आहे. चित्र हलत नाही. ठाम राहतं.

सयाजी : जुन्यातबी कुठं हलत हुतं? आम्हाला तर कवा दिसलं न्हाय. जाऊ दे. त्वा खरं सांगितलंस, मी राग सोडला. आता ह्यो उचल, आमचा जुना लाव, आनि पैशाचं काय वरखाली आसंल त्ये कृष्णाताशी बोल. मला माझी बदकं पायजेत.

शिवानंद : आक्का, नेऊ का टीव्ही?

सयाजी : परत तिलाच इचारतोय!

चिमणाबाई : ने की. ह्येंची बदकं पडू देत. किती दिस तोंड पाडून बसल्यात.

शिवानंद : आणि तुमचं डोकं?

चिमणाबाई : माझ्या डोक्याचं काय? चहा टाकते मी.

सयाजी : थांब. कसलं डोकं?

चिमणाबाई : काय न्हाय वो. शिवा, तू गप ऱ्हा बघू.

शिवानंद : दुकानात गप राहिलो आक्का, तुम्ही खुणावलं म्हणून. आज नाही राहणार. दाजी, तुम्ही दुकानात मोठ्या टीव्हींचे आवाज चढवून बघत होता तेव्हा आक्का कुठं होत्या, बघितलं होतं का?

सयाजी : आसंल कुठंतरी. स्टुलावर.

शिवानंद : भिंतभर टीव्ही चालू होते. आक्का आत आल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. एका टीव्हीपाशी गेल्या, तोंड फिरवलं. दुसऱ्यापाशी गेल्या, तोंड फिरवलं. ह्या एकासमोर आल्या आणि पदर खाली आला. स्टूल ओढून बसल्या. कुठलासा पिच्चर चालू होता, नाच होता त्यात. तुम्ही चला चला म्हणून दोनदा हाक मारली. ऐकूच गेलं नाही त्यांना.

सयाजी : मग?

शिवानंद : माझी अव्वा, म्हणजे आई, अशीच होती. मल्लव्वा. घरात स्वतःचं टीव्हीचं दुकान, आणि टीव्ही लावला की अव्वा कपाळ धरून उठून जायची. साधा टीव्ही सेकंदाला पन्नासदा उघडझाप करतो दाजी. तुम्हाला-मला कळत नाही. काहींच्या डोळ्यांना ती कळते. ट्यूबलाईट जायला आली की फडफडते बघा, तसं त्यांना टीव्ही सारखाच दिसतो. मग डोकं फुटायला लागतं. हा सेकंदाला शंभरदा करतो, मग ती कुणालाच कळत नाही. हा शंभरवाला पहिला आला तेव्हा मी तपासायला घरी नेला. अव्वानं जमिनीवर बसकण मारली आणि एक अख्खा पिच्चर बघितला. मधे कुणी बोललं तर ओरडायची. पुढच्या संक्रांतीनंतर ती गेली. पण तेवढे महिने रोज बघितलं तिनं. म्हणून आक्कांना बघितल्याबरोबर कळलं मला. आणि म्हणून तुमच्या गळ्यात हाच मारला. दुप्पट भारी, दुप्पट भारी म्हणत.

सयाजी : चिमणे.

चिमणाबाई : आधण ठेवते मी.

सयाजी : तुझं डोकं दुखायचं?

चिमणाबाई : दुखायचं थोडं.

सयाजी : थोडं?

चिमणाबाई : मग किती सांगू? दुखायचं. पहिल्या दिवसापास्नं. त्यो पहिला काळापांढरा आणलासा न्हवं, तवापास्नं.

सयाजी : तवापास्नं! आनि मला सांगितलं न्हाईस?

चिमणाबाई : कसं सांगू? कोल्हापुरास्नं यष्टीत मांडीवर घिऊन आलासा. खोका कुणाला धरू दिला न्हाईसा, कंडाक्टरला सुदीक. लेकराला आणल्यावानी आणलासा. मी दारात ओवाळला त्येला. सगळी गल्ली घरात, बसाय जागा न्हाय, आनि तुमचं तोंड असं फुललेलं. आनि मी म्हणू, माझं डोकं दुखतंय, बंद करा?

सयाजी : म्हणायचं हुतंस.

चिमणाबाई : न्हाय म्हणवलं. मग वातीचा डबा घेतला आनि पाठ करून बसले. तुमीच गल्लीला सांगितलंसा, आमची मंडळी देवाची, तिला असलं आवडत न्हाय. म्हटलं बरं झालं. आपोआप निस्तरलं.

सयाजी : आनि मी मिशीला पीळ देऊन सांगत फिरलो. अगं, नंतर रंगीत आणला, तवा तरी!

चिमणाबाई : रंगीतबी तसाच. उलट जादा.

सयाजी : म्हंजे इतक्या वर्सांत तू एक पिच्चर बघितला न्हाईस. रयवारी आमी सगळी टीव्हीम्होरं, आनि तू वाती वळत... शिवानंद, मी तीस वर्सं राखण केली लेका. लोकांच्या पैशाची. आनि घरात काय चाललंय त्ये दिसलं न्हाय मला.

चिमणाबाई : आता रडू नगा पावण्याम्होरं. आनि बघितला न्हाय कसं म्हणता? सगळं पिच्चर बघितल्यात मी.

सयाजी : कसं?

चिमणाबाई : टीव्हीकडं पाठ म्हंजे तोंड कुणाकडं आसंल?

सयाजी : कुणाकडं?

चिमणाबाई : तुमच्याकडं की! तुमी भिताडाला टेकून बसायचासा, मी म्होरं. कानानं ऐकायची आनि तुमच्या तोंडावर बघायची. मारामारी आली की तुमचा जबडा आवळायचा. हिरोची आय आजारी पडली की तुमी मिशी चावाय लागायचासा. ती मेली की टावेल तोंडावर, म्हणायचं घाम आलाय. थंडीत. आनि नाचगाणं लागलं की माझ्याकडं चोरून बघायचासा, मी बघतीया काय म्हणून. कुणाला दिसला नसंल असला पिच्चर मला दिसलाय.

शिवानंद : आक्का...

चिमणाबाई : तू का नाक वढतोस? गूळ खा.

सयाजी : मला कुणी असं बघतंय हे मला ठावं न्हवतं.

चिमणाबाई : ठावं आसतं तर ताठ होऊन बसला असतासा. मग काय मजा?

सयाजी : टीव्ही जाणार न्हाय. शिवानंद, ऐकलंस? ह्यो हितनं हलणार न्हाय. बदकं गेली वढ्यात. जुना टीव्ही परत घिऊन जा तू.

चिमणाबाई : का म्हणून? बदकं का सोडायची?

सयाजी : तुझ्या डोक्याम्होरं बदकं काय?

चिमणाबाई : मला बघायची हुती तुमची बदकं.

सयाजी : काय?

चिमणाबाई : इतकं म्हयनं नुसता आवाज ऐकला. पोरं वरडायची, आबा एकबी सुटत न्हाय, आनि मी चुलीम्होरं. दसऱ्याला नवा टीव्ही लावलासा, डोकं शांत. म्हटलं, आज आपुनबी पोरांत बसून बघूया. आयुक्षभर बंदूक घिऊन हुबा ऱ्हायलेला माणूस, नेम कसा हाय बघू दे तरी. पयल्यांदा तोंड फिरवून म्होरं बसले. आनि पडलं न्हाय एकबी.

सयाजी : आनि मी तुला म्हटलं...

चिमणाबाई : ऱ्हाऊ दे त्ये.

शिवानंद : काय म्हणाला दाजी?

सयाजी : म्हटलं, तू म्होरं येऊन बसलीस आनि माझा नेम गेला. तुझी नजर लागली. पोरांदेखत म्हटलं.

चिमणाबाई : रागाच्या भरात म्हणालासा. पण तवापास्नं बदकं लावली की मी आत जाऊन बसते. खरंच लागली आसंल म्हटलं. कुणी सांगावं?

शिवानंद : आक्का, नजर नाही, हात नाही. टीव्ही उशिरा दाखवतो, एवढंच आहे. कुणाचा दोष नाही ह्यात.

चिमणाबाई : त्ये तू मघा सांगितलंस तवा माझ्याबी जिवावरचं वझं उतरलं बाबा. ह्येंचंच न्हाय.

सयाजी : मला पायताणानं मार चिमणे.

चिमणाबाई : पायताण म्हाग झाल्यात. बसा गप.

सयाजी : पर ह्यो काय ताप झाला रं देवा! ज्या टीव्हीवर तिला बघता येतंय, त्येच्यावर माझं बदाक पडत न्हाय. आनि ज्येच्यावर पडतंय, त्येच्याकडं तिला बघता येत न्हाय.

शिवानंद : बाहेर टेम्पोत जुना आहे की. तो राहू दे इथंच, त्या कोपऱ्यात. नवा पिच्चरला, जुना बदकांना.

सयाजी : त्यो तर तू बदलीत घेतलेलास. दुकानाचा झाला.

शिवानंद : माझ्या अव्वाचं नाव घ्यायला एक घर मिळालं मला आज. तो हिशेब काढू नका दाजी. नाहीतर मी पण काढीन, गूळ-पाण्याचा.

सयाजी : ए शिवानंद. हिकडं ये. आमच्यात आभारबिभार मानायची रीत न्हाय. तोंडबी वळत न्हाय तसं. पण तू माझा हात मला परत दिलास. आनि हिचं... हिचं काय काय झाकून ठेवल्यालं तू उघडून दावलंस. भावानं केलं नसतं असं केलंस. भाऊबीजेला हितं याचं. ओवाळून घ्याचं आनि जेवल्याबिगर उठायचं न्हाय.

चिमणाबाई : अगदी माझ्या तोंडातलं बोललासा. येशील न्हवं रं शिवा? बायकापोरं घिऊन ये.

शिवानंद : येतो की आक्का. अव्वा गेल्यापासून शिरोळकडची हाक ऐकली नव्हती. ज्ञानू! ए ज्ञानू! टीव्ही आत आण बाबा, सांभाळून.

(शिवानंद आणि ज्ञानू जुना टीव्ही कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवतात. शिवानंद गेमची वायर जोडतो. सयाजी बंदूक धोतराला पुसून हातात घेतो.)

सयाजी : लावलीस? आवाज बारीक कर. न्हाय, ऱ्हाऊ दे, मोठाच बरा.

शिवानंद : धरा नेम. आक्का, तुम्ही आत जा, नाहीतर त्या नव्या टीव्हीपाशी बसा. डोकं धरेल तुमचं.

चिमणाबाई : मी कुठं जात न्हाय. सरक जरा. हितं बसते मी.

शिवानंद : अहो, तिथं? टीव्हीकडं पाठ करून? मग बदक पडलेलं दिसणार कसं तुम्हाला?

चिमणाबाई : तू तुझा टीव्हीकडं बघ.

सयाजी : चिमणे, जरा डावीकडं हो. बंदुकीच्या वाटंत येतीयास. हां. दिसतंय न्हवं तितनं?

चिमणाबाई : सगळं दिसतंय. वढा.

सयाजी : उडालं बघ झुडपातनं... थांब... थांब...

चिमणाबाई : पडलं.